जिभाऊंची अमेरिकन

सुकदेव जिभाऊंनी गरम चहा प्यायलेला मी कधी पाहिला नाही. कप हातात दिला की तो ओट्यावर मांडीशेजारी ठेवत आणि म्हणत, "निवू द्या." मग भिंतीला पाठ टेकत. चहा निवायच्या आत बहुतेक वेळा त्यांचाच डोळा लागे. सुमनवहिनी बाहेर येऊन कपावर धरलेली साय बघत, कप आत नेत, स्टोव्हवर पुन्हा गरम करून आणत. जिभाऊ डोळे उघडत, कपातून वाफ येताना बघत आणि म्हणत, "निवू द्या."

हे त्यांचं सगळ्यालाच उत्तर होतं. नळावर दोन घरांची जुंपली, कापड विणायच्या लूमवर कुणाची मुकादमाशी बाचाबाची झाली, कुणाची सून रुसून माहेरी गेली, की माणसं जिभाऊंच्या ओट्यावर येऊन बसत. जिभाऊ सगळं ऐकून घेत. बोलणाऱ्याचा आवाज चढला की हात वर करून म्हणत, "आत्ता गरम शे. निवू द्या, मंग बोलू." आणि खरोखरच दोन दिवसांनी बोलायचं काही उरलेलं नसे.

मी लग्न होऊन नाशिककडून सुरतेला आले ती नव्वदीच्या सुरुवातीला. माझे पती सुरतेजवळच्या सचिन गावी कापड रंगवण्याच्या कारखान्यात होते, आणि मला महापालिकेच्या मराठी शाळेत नोकरी मिळाली. खोली घेतली नवागामात. गल्ली जवळजवळ सगळी खानदेशी. घरात अहिराणी, लूमवर हिंदी, दुकानात गुजराती. मुलं तर एका वाक्यात तिन्ही भाषा बोलत. 'जिभाऊ' म्हणजे थोरला भाऊ, हे मला तिथेच कळलं. सुकदेव जिभाऊ सख्खे असे कुणाचेच थोरले भाऊ नव्हते. गावी त्यांच्यापेक्षा मोठा एक भाऊ होता. पण गल्लीने त्यांना जिभाऊ केलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि गल्लीतली अर्धी मुलं वहिनींच्या हातची भाकरी खाऊन मोठी झाली होती.

दिवसा ते टेम्पो चालवत. लूमवरून कोऱ्या कापडाचे तागे भरायचे, सचिनला नेऊन टाकायचे, तिथून रंगवलेलं कापड घेऊन बाजारात जायचं. उंच, हाडकुळा माणूस. डोळे कायम लाल. गळ्यात एक टॉवेल. चालताना एक खांदा थोडा खाली. आणि या माणसाच्या मालकीची, गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या टाकीलगत उभी असलेली एक प्रचंड मोठी अमेरिकन मोटार होती.

ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, कुठल्यातरी श्रीमंताची गाडी चुकून या वस्तीत शिरली आहे. फिका हिरवा रंग, मागे माशाच्या शेपटीसारखे दोन पंख, स्टीअरिंग डावीकडे. मागच्या दिव्याशी उभं राहून पुढच्या दिव्याशी असलेल्या माणसाशी बोलायचं तर आवाज चढवावा लागे. पुढची सीट अशी सलग की तीन माणसं मांडी घालून बसावीत. नाकावरची कंपनीची अक्षरं कधीच गळून पडली होती. गल्लीत तिचं नाव विचारायचं कुणाला कारणही नव्हतं. सगळे तिला नुसतं 'अमेरिकन' म्हणत.

जिभाऊ मिसरूड फुटायच्या वयात साक्रीकडून सुरतेला आले होते. एका जरीवाल्या शेठच्या बंगल्यावर आधी गाड्या पुसायला लागले, मग ड्रायव्हर झाले. ही गाडी शेठची. शेठ म्हातारे झाले, मुलांनी लहान, नव्या गाड्या घेतल्या, आणि अमेरिकन गॅरेजमध्ये धूळ खात पडली. शेठ अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी एक दिवस जिभाऊंना बोलावून किल्ली हातात दिली. मुलांनाही गॅरेज मोकळं हवंच होतं. "शेठ एवढंच बोलले बाई," जिभाऊ मला सांगत, "सुकदेव, चलावजे. चालव म्हणे. ठेव असं नाही म्हणले."

चालवणं मात्र सोपं नव्हतं. तिचं जुनं इंजिन पेट्रोलचं. चालू आहे की बंद, कळायचं नाही इतकं शांत. जिभाऊ बॉनेटवर पाण्याने भरलेला पेला ठेवून गल्लीतल्या मुलांना दाखवत. पाण्यावर एक तरंग उठत नसे. पण ते इंजिन पेट्रोल असं प्यायचं की लग्नसराई सोडली तर गाडी जागची हलत नसे. लग्नात नवरदेवाच्या वरातीला तिला मागणी होती. जिभाऊ आदल्या दिवशी तिला धुऊन पुसून लखलखीत करत, धुतलेला पांढरा शर्ट घालत आणि झेंडूच्या माळा लावलेली अमेरिकन दिंडोलीच्या, नवागामच्या रस्त्यांवरून माणसाच्या चालीने नेत. त्या वेळी त्यांचा तो एक खांदा खाली नसे.

अशाच एका वरातीत, दिंडोलीच्या भर रस्त्यात, पेट्रोल संपलं. मी त्या लग्नाला होते. बँड वाजत होता, पुढे पोरं नाचत होती, आणि गाडी हळूच थांबली. इंजिन इतकं शांत होतं की ते बंद पडलंय हे आधी कुणाला कळलंच नाही. मग नवरदेवाचा मामा तावातावाने आला. बँड थांबला. दहा-बारा पाहुण्यांनी सुटाबुटात गाडी ढकलत मांडवापर्यंत नेली. मामा सगळ्यांसमोर बोलला, "हत्ती पाळायची ऐपत नाही तर दारात बांधायचा कशाला?" जिभाऊ स्टीअरिंग धरून, समोर बघत बसले होते. त्यांनी "निवू द्या" म्हटलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बडोद्याहून एक गृहस्थ गाडी बघायला आले. त्यांना जुन्या मोटारी जमवायचा नाद होता. कुणाकडून तरी त्यांना अमेरिकनबद्दल कळलं होतं. रविवार होता, आम्ही सगळे ओट्यांवर. त्यांनी बॉनेट उघडून बराच वेळ इंजिन बघितलं. त्यावरच्या नंबर कोरलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "सब ओरिजिनल है. मैं ले जाऊँगा." त्यांनी बोललेली किंमत ऐकून वहिनी दारात उभ्या होत्या त्या ओट्यावर पुढे आल्या. तेवढ्या पैशांत जवळच भेस्तानला जागा घेऊन दोन खोल्या उठल्या असत्या.

जिभाऊंनी विचारलं, "साहब, चलाओगे?"

"चलाना क्या है! शेड में रहेगी. साल में एक बार शो में ले जाएँगे, वो भी ट्रक पर."

"तो खड़ी तो मेरे यहाँ भी है," जिभाऊ म्हणाले.

गृहस्थांना तो विनोद वाटला. ते हसले आणि विचार करायला महिनाभर देऊन निघून गेले. जिभाऊंचा विचार आधीच झालेला होता. भेस्तानला इस्माइलभाई नावाचे त्यांचे जुने मेकॅनिक मित्र होते. त्यांच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे अपघातात चेपलेल्या एका नव्या टेम्पोचं इंजिन आलं होतं. जपानी बनावटीचं, डिझेलचं. टेम्पोचा चेंदामेंदा झाला होता पण इंजिन शाबूत होतं. ते अमेरिकनमध्ये बसवायचं असं जिभाऊंनी ठरवलं.

त्या दिवशी पलीकडच्या घरातून मी पहिल्यांदा वहिनींचा चढलेला आवाज ऐकला. "तुमले ती गाडी जोयजे, माले घर जोयजे!" वहिनी ओरडत होत्या. "एक डाव इंजिन काढं का तिले कोण इचारस?" इंजिन बदललं की गाडीची ती किंमत राहणार नाही, हे त्यांनाही नीट कळलं होतं. जिभाऊंचं उत्तर ऐकू आलं नाही. मग बऱ्याच वेळाने वहिनींचा रडवेला आवाज, "आते नका म्हना निवू दे म्हनीसन."

तरी इंजिन बदलायला घेतलं गेलं. वहिनी त्यानंतर गाडीजवळ फिरकेनाशा झाल्या, आणि घरातही कामापुरतंच बोलू लागल्या. काम चालू असताना एका रविवारी जिभाऊंचा डबा न्यायला कुणी नाही म्हणून मी भेस्तानला गेले, तेव्हा इस्माइलभाईंच्या गॅरेजात अमेरिकन तोंड उघडून उभी होती. जुनं इंजिन साखळीने उचलून बाहेर काढून दोन टायरांवर ठेवलेलं. केवढं होतं ते! नवं त्याच्या निम्मं. मोठ्या पातेल्यात वाटी ठेवावी तसं ते गाडीच्या पोटात दिसत होतं. ते नीट बसावं म्हणून इस्माइलभाईंनी चेसीला लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून नवे पाय केले होते. गिअरचा दांडा पूर्वी स्टीअरिंगला होता, आता तो खालून यावा म्हणून गाडीच्या तळाला गॅसने भोक पाडलं होतं. ते पाडताना जिभाऊ बाहेर जाऊन उभे राहिले, असं इस्माइलभाई म्हणाले.

"देखो टीचरजी," इस्माइलभाई मला म्हणाले, "मैंने कितना समझाया. शेरनी के पेट में बकरी का कलेजा डाल रहे हैं."

"डालो," जिभाऊ जमिनीवर बसून डबा सोडत म्हणाले. "शेरनी को रोज खिलाएगा कौन?" मग माझ्याकडे वळून मराठीत, "बाई, लोक म्हणतात सुकदेवनं गाडीचा जीव काढला. पण उभी गाडी बघवत नाही मला. मी दिवसभर चालतो, ती दिवसभर झोपते. दोघं चालू तर दोघंबी जगू."

पहिल्यांदा डिझेल इंजिन सुरू केलं तेव्हा सगळी गाडी थरथरली. काचा वाजायला लागल्या, आरसा गदगदा हलला आणि एका चाकाची चकचकीत टोपी निखळून गटाराकडे गडगडत गेली. गल्लीत आली तेव्हा मुलं "टेम्पो आला, टेम्पो आला" करत धावली. जिभाऊही हसले. पण पाण्याचा पेला त्यांनी पुन्हा कधी बॉनेटवर ठेवला नाही. बडोद्याच्या गृहस्थांचा माणूस येऊन बघून गेला, आणि परत आला नाही. वरातीची गिऱ्हाइकं मात्र टिकली. आवाजावर बँडचा आवाज होताच. आणि गाडी आता मध्येच थांबत नव्हती.

मग चौऱ्याण्णवचा प्लेग आला. त्या पावसाळ्यात पूर येऊन गेला होता, चिखल आणि मेलेली जनावरं जागोजाग पडली होती. गणपती बोळवून होतात न होतात तोच शहरात माणसं मरायला लागल्याच्या बातम्या आल्या. बघता बघता दवाखाने बंद झाले, औषधाच्या दुकानांतून कॅप्सूल संपल्या, लूम थांबले. नवागामचा तो खटखटाट आम्हाला श्वासासारखा सवयीचा होता. तो थांबला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. लोक तोंडाला फडकी बांधून स्टेशनकडे निघाले होते. गाड्यांच्या टपावर माणसं. आमची मुलगी तेव्हा दीड वर्षाची. तिला घेऊन त्या गर्दीत शिरायचं कसं, या विचारात मी दारात उभी होते.

जिभाऊ सकाळीच गाडी घेऊन गल्लीच्या मधोमध आले. "लेकरंवाल्या बाया पहिल्या," एवढंच म्हणाले. कुणी भाड्याची गोष्ट काढली तर त्यांनी नुसता हात हलवला. पुढे तीन-चार, मागे मांडीवर मांडी, मागच्या डिकीचं झाकण उघडं ठेवून त्यात चौघं. आमचंही बिऱ्हाड कोंबलं. वहिनी दाराशी उभ्या होत्या. जिभाऊ त्यांच्याकडे बघत नव्हते आणि त्या जिभाऊंकडे. शेवटी शेजारच्या बाळंतिणीचं पोर कडेवर घेऊन वहिनी स्वतःच आल्या आणि आत बसल्या.

बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. रस्त्यावर सगळीकडे सुरतेतून पळणारी माणसं. चहाच्या टपऱ्या आमची गाडी थांबताना बघून फळ्या लावत होत्या. दुपारी कोंडाईबारीचा घाट लागला. अर्ध्यावर बॉनेटमधून वाफ यायला लागली. जिभाऊंनी गाडी कडेला घेतली. "उतरा सगळे. निवू द्या."

गाडी मागे घसरू नये म्हणून चाकाला दगड लावायला हवा होता. पुरुष खाली उतरेपर्यंत वहिनींनी, कडेवरचं पोर माझ्याकडे देऊन, एक मोठा धोंडा दोन्ही हातांनी लोटत आणून मागच्या चाकाला लावला. पदराने हात पुसले. जिभाऊ आरशातून बघत होते.

"लागना का हाताले?" त्यांनी विचारलं.

"नही," वहिनी म्हणाल्या. मग चाकाकडे बघत, "जुनं इंजिन ऱ्हातं तं?"

"पेट्रोल कथाईन आनतू? सोनगडलेच बसतूत."

पेट्रोलवाचून सोनगडलाच अडकलो असतो, हे वहिनींना कळत होतं. घाट चढून गेल्यावर त्यांनी आपल्या पिशवीतली भाकरी काढली, तिच्यावर चटणी घातली आणि गाडी चालवणाऱ्या जिभाऊंच्या तोंडाशी एकेक घास नेत राहिल्या. आम्ही सगळे खिडकीबाहेर बघत होतो.

जिभाऊंचं गाव साक्रीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत होतं. संध्याकाळी तिथे पोचलो तर वेशीवर बैलगाडी आडवी लावलेली. पलीकडे पाच-पंचवीस माणसं उभी. त्यांत जिभाऊंचा थोरला भाऊ. तो लांबूनच म्हणाला, "सुकदेव, रागे भरू नको. गावनी सुरतवाल्यास्ले मना करेल शे." त्याने एका टोपलीत भाकरी आणि पाण्याची घागर आणून मधल्या मोकळ्या जागेत ठेवली आणि मागे सरकला. आम्ही ती तिथून उचलून आणली. आमच्यातल्या एका म्हाताऱ्याला राग आवरेना, तो काहीबाही बोलायला लागला. जिभाऊ गाडीच्या मडगार्डवर बसले होते. "त्यांची बी लेकरंबाळं आहेत, आबा," ते म्हणाले. पण त्यांनी स्वतः ती भाकरी खाल्ली नाही. वहिनींनी फार आग्रहही केला नाही.

शेवटी एका शाळेत सोय झाली. दुसऱ्या दिवशी आम्हाला नाशिकची बस मिळाली. मी निरोप घ्यायला गेले तेव्हा जिभाऊ सुरतेकडे तोंड करून गाडीत बसलेले. गल्लीत अजून माणसं राहिली आहेत म्हणाले. "तुम्ही दमलात हो जिभाऊ," मी म्हटलं. तेव्हा ते जे बोलले ते त्यांच्या तोंडी मी नंतर अनेकदा ऐकलं: "थकवा पाहुण्यासारखा असतो बाई. निघतो म्हणतो, आणि पुन्हा चहा मागतो." असे ते परत गेले, पुन्हा माणसं घेऊन आले, आणि पुन्हा गेले.

प्लेग ओसरला, माणसं परतली, शहर झाडून पुसून स्वच्छ झालं. जिभाऊंच्या टेम्पोवर मात्र त्यांच्या गैरहजेरीत दुसरा ड्रायव्हर बसला होता. मालकाने त्यांना परत घेतलं नाही. मग लग्नसराई आली, आणि अमेरिकनला एकही वरात मिळाली नाही. का, ते कुणी उघड बोलत नव्हतं. शेवटी गल्लीतलाच एक जण, ज्याची म्हातारी आई याच गाडीतून साक्रीला पोचली होती, जिभाऊंच्या ओट्यावर बसून म्हणाला, "जिभाऊ, वाईट वाटून घेऊ नका. पण पोरीच्या लग्नाला ती गाडी नको. त्या दिवसांत तिच्यात कोण कोण बसून गेलं, कुणाला ठाऊक."

"निवू द्या," जिभाऊ म्हणाले. "लोक विसरतील."

या बाबतीत मात्र त्यांचा अंदाज चुकला. लोक विसरले नाहीत. प्लेग विसरले, त्यातून कुणी बाहेर काढलं तेही विसरले, फक्त गाडीचा विटाळ तेवढा लक्षात ठेवला. मला अजूनही या गोष्टीचा उबग येतो. जिभाऊंना आला की नाही, कळलं नाही. त्यांनी एक दिवस अमेरिकनची मागची गुबगुबीत सीट काढली, तिथे समोरासमोर दोन लाकडी बाकं ठोकली, आणि सचिनच्या कारखान्यांत साड्यांच्या घड्या घालायला, कापड तपासायला जाणाऱ्या बायकांची ने-आण सुरू केली. सकाळच्या पाळीच्या बाया सोडायच्या, दुपारी त्यांना आणायचं आणि दुसऱ्या पाळीच्या न्यायच्या, मग त्यांना आणायचं. या बायकांना विटाळ परवडणारा नव्हता. रिक्षात लोंबकळण्यापेक्षा बाकावर टेकायला मिळत होतं.

माझी त्यांच्याबद्दलची शेवटच्या काही वर्षांची आठवण ही अशी: कारखान्याच्या फाटकाबाहेर अमेरिकन उभी आहे, तिचे दोन्ही पंख आता गंजलेत, आणि पुढच्या सीटवर जिभाऊ तोंडावर टॉवेल टाकून झोपले आहेत. घरी आले तरी जेवून लगेच आडवे होत. ओट्यावरच्या बैठका बंद झाल्या. कुणी भांडण घेऊन आलंच तर वहिनीच आतून सांगत, "झोपेल शेत." गल्लीतल्या लोकांना त्यांच्या झोपेची चेष्टा करायची सवय लागली. बायका गाडीत बसताना म्हणत, "जिभाऊ, आज जागे आहात ना?" जिभाऊ म्हणत, "इंजिन जागं आहे ना, मंग झालं."

एका सकाळी, भेस्तान मागे टाकल्यावर, सचिन थोडंसं राहिलं असताना त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली घेतली. शोभा नावाची एक बाई पुढच्या सीटवर त्यांच्या शेजारी होती. तिने हे सगळं मला सांगितलं. जिभाऊ म्हणाले, "बायाहो, आजच्या दिवस एवढं पायी जा. मी जरा डोळे मिटतो." बायका कुरकुरल्या. उशीर झाला तर मुकादम आत घेत नसे. एकीने मोठ्याने म्हटलंही, "काय जिभाऊ, सकाळी सकाळी झोप?" आणि सगळ्या भराभर चालू लागल्या. शोभाने वळून पाहिलं तेव्हा ते टॉवेल तोंडावर ओढत होते.

दुपारी फाटकाबाहेर गाडी नव्हती. बायका वैतागून चालत निघाल्या, आणि त्याच झाडाखाली त्यांना ती दिसली. इंजिन बंद होतं. गाडी गिअरमध्ये टाकलेली होती आणि हँडब्रेक ओढलेला होता. शोभाने हाक मारली. मग टॉवेल उचलला. डॉक्टर म्हणाले, हृदय. कदाचित बायका उतरल्या त्यानंतर लगेचच.

"आम्हाला वाटलं नेहमीसारखे दमलेत," शोभा रडत पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिला दोष कसा द्यायचा? आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं असतं.

वहिनी त्या दिवशी फार रडल्या नाहीत. दहाव्यानंतर इस्माइलभाई आले. अंगणात उकिडवे बसून म्हणाले की डिझेल इंजिनाला गिऱ्हाईक आहे, ते काढून विकू, सांगाडा भंगारात जाईल, भाभीच्या हातात काहीतरी येईल. वहिनी ऐकत होत्या. त्याच वेळी पाळीच्या पाच-सहा बायका भेटायला आल्या होत्या, त्या दारात उभ्या राहिल्या. त्यांतली एक म्हणाली, "आता आम्हाला कोण नेणार?" ती सहज बोलून गेली होती, आणि बोलल्यावर वरमली.

वहिनींनी इस्माइलभाईंना विचारलं, "अजून किती वर्स चालीन ते इंजिन?"

"इंजिन?" इस्माइलभाई म्हणाले. "इंजिन तो अभी जवान है, भाभी."

गल्लीतला नामदेव टेम्पो चालवायचा. त्याला वहिनींनी ड्रायव्हर म्हणून ठेवलं आणि स्वतः रोज पुढे बसून जाऊ लागल्या. कोण आली, कोण राहिली, कोण आजारी आहे हे त्या बघत. कुणाला उशीर झाला तर तिच्या दारात जाऊन हाक मारत. फाटकाबाहेर पाळी सुटेपर्यंत थांबत. असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. त्याच कमाईतून पुढे भेस्तानला एक खोली झाली. एकच, पण झाली.

एकदा मला निवडणुकीच्या कामासाठी सचिनच्या शाळेत जायचं होतं. मी पहाटे वहिनींबरोबर निघाले. नामदेव गाडी चालवत होता, मध्ये वहिनी, कडेला मी. मागे बाकांवर बायका पेंगत होत्या. गाडी थरथरत होती, काचा वाजत होत्या. वहिनी किती वाळल्या होत्या, हे मला पहाटेच्या उजेडात दिसलं.

"बाई, एक सांगू?" त्या म्हणाल्या. "ते घरी यायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. एवढी वर्षं मला वाटायचं, माझ्यावर राग आहे त्यांचा. मी त्या इंजिनावरून बोलले होते ना, त्याचा."

मी त्यांच्याकडे वळले.

"आता मी घरी जाते ना, तशीच पडते. भिंतीकडे तोंड करून. बाई, उजेड डोळ्यावर येतो हो, म्हणून. दुसरं काही नसतं त्यात." मग समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी. मी विचारलंच नाही."

मग बोलता बोलता त्यांची मान कलली आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. भेस्तान गेलं, रेल्वेचं फाटक गेलं, त्यांना जाग आली नाही. सचिनला गाडी थांबली, बायका घाईघाईने उतरायला लागल्या, तेव्हा मी मागे वळून त्यांना म्हटलं, "दार हळू लावा गं."